मुदतीपूर्वी पैसे भरण्याचा प्रयत्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, निजामी अंमलात, दिनकरराव नावाच्या एका निवृत्त गृहस्थांनी सरकारात भरायची रक्कम मुदत संपायच्या आधी भरण्याचा प्रयत्न केला. गुन्ह्याचे स्वरूप एवढेच. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. जे त्या कचेरीची पायरी चढले आहेत ते ओळखतीलच, आणि जे चढले नाहीत त्यांना ओळखून तरी काय करायचे आहे.

दिनकररावांची उभी नोकरी चुडाव्याच्या स्टेशनात मालबाबू म्हणून झाली. गाडी यायच्या आधी आपण फलाटावर असले पाहिजे, ही एकच गोष्ट त्यांना आयुष्यात पक्की कळली होती आणि ती त्यांनी सगळीकडे लावली. लग्नाच्या पंगतीला ते इतक्या लवकर पोचत की यजमान त्यांच्या हातात पत्रावळी पुसायला देत. दिनकरराव त्या पुसत आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. अशा माणसाला लोक भला म्हणतात आणि घरी बोलवायचे टाळतात.

नोकरी संपल्यावर ते तालुक्याच्या गावी तानुबाईंच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिले. खोल्या बऱ्या होत्या, पण आडाचे पाणी खारे. त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई रोज उजाडायच्या आत नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावर जाऊन गोडे पाणी आणत. पाणी आणायचा हंडा तांब्याचा होता, रुखवतात आलेला. त्याच्या काठाखाली कासाराने अक्षरे कोरली होती: ‘चि. सौ. कां. कस्तुरा हिस आईकडून.’ बाईंनी नवऱ्याकडे जन्मात दागिना मागितला नाही. त्यांचे मागणे एकच होते, आणि ते त्या बोलून दाखवत.

“मला सोनं नको का नाणं नको,” त्या म्हणत, “दारात गोडं पाणी असलेलं घर बघा. माझे पाय आता झिऱ्यापर्यंत जाईनात.”

असे घर गावात होते. मुंजाजी आणि रंगनाथ या दोघा भावांच्या वडिलोपार्जित घराच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. वाटणीत सगळे निम्मे निम्मे झाले, विहीर तेवढी राहिली. तिची वाटणी भावांनी आपल्या अकलेप्रमाणे केली. मुंजाजीने रहाट घेतला, रंगनाथाने दोर घेतला. पुढची कित्येक वर्षे एक भाऊ रहाटापाशी आणि दुसरा दोरापाशी राखण करत बसे, आणि दोघांच्याही बायका झिऱ्यावर जात. शेवटी प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने मोजणीदार पाठवला. विहीर उभी कापता येत नाही, असा त्याने लेखी अहवाल दिला. तेव्हा घर विहिरीसकट हर्रासीत, म्हणजे लिलावात, विकावे आणि पैसे भावांत वाटावेत, असा हुकूम झाला. दोघेही भाऊ समाधान पावले, कारण विहीर दुसऱ्या भावाला मिळणार नव्हती.

दवंडी पिटली गेली. हर्रासीच्या दिवशी कोर्टाच्या अमीनाने विहिरीच्या काठावर उभे राहून अटी वाचल्या, आधी उर्दूत, मग मराठीत. बोली ज्याच्या नावावर तुटेल त्याने चौथा हिस्सा जागेवरच भरावा. उरलेली रक्कम पंधरा दिवसांच्या आत खजिन्यात भरावी. न भरल्यास चौथा हिस्सा सरकारजमा होईल, घराची फेरहर्रास होईल, आणि फेरहर्रासीत किंमत कमी आली तर तूट पहिल्या खरेदीदाराकडून वसूल केली जाईल. जमलेल्या मंडळींनी अटी ऐकल्या नाहीत. ती मंडळी ढोल ऐकायला आली होती. अटी ऐकणारे एकटे दिनकरराव होते, आणि बोली त्यांच्याच नावावर तुटली.

चौथा हिस्सा त्यांनी जागेवर भरला. मग कस्तुराबाईंनी अमीनाला विनंती केली की एक बादली पाणी काढू द्या. अमीन चांगला माणूस होता. तपासणी म्हणून काढा, असे तो म्हणाला. मुंजाजीच्या रहाटावर रंगनाथाचा दोर चढला, आणि कस्तुराबाई बराच वेळ खाली वाकून बादली वर येताना बघत राहिल्या. ते पाणी त्यांनी हंड्यात घालून घरी नेले आणि त्यात तुरीची डाळ शिजवली. डाळ मऊ शिजली. नवराबायको जेवायला बसले तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, आणि दिनकररावांनी ते पाहिले नाही असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीच्या फंडाच्या पैशांतली उरलेली रक्कम धोतराच्या फडक्यात बांधून दिनकरराव कचेरीत गेले. कोर्ट आणि तहसील एकाच आवारात होते, आणि खजिन्याची खिडकी दोघांत मिळून एक होती. खिडकीत बन्सीधर नावाचा कारकून बसला होता. त्याने फडक्याकडे पाहिले, मग दिनकररावांकडे पाहिले.

“कामून आलाव?” त्याने विचारले.

“हर्रासीची बाकी रक्कम भरायची आहे.”

“मुदत कवा संपायली?”

“अजून चौदा दिवस आहेत.”

“मग आज कामून आलाव?”

हा प्रश्न असू शकतो हेच दिनकररावांना आजवर ठाऊक नव्हते. बन्सीधरने त्यांना कचेरीची पद्धत समजावून सांगितली. या खिडकीवर पैसे शेवटच्या दिवशी भरले जातात. खजिन्याची पेटी शेवटच्या दिवशी उघडते. नाणे वाजवून पारखणारा पोतदार शेवटच्या दिवशी येतो, एरवी त्याचे कापडाचे दुकान असते. शिक्क्याची शाईसुद्धा शेवटच्या दिवशी सकाळी भिजत घालतात. कायद्यात पंधरा दिवसांच्या आत असे लिहिले आहे, हे दिनकररावांनी दाखवून दिले. बन्सीधर म्हणाला की लिहिले असेल, पण त्याच्या नोकरीत, त्याच्या बापाच्या नोकरीत आणि बापाच्या आधी जो होता त्याच्याही नोकरीत तसे कुणी आलेले नाही. तुम्ही नाझरसाहेबांना भेटा.

नाझर व्यंकटराव हे कोर्टाच्या पैशाअडक्याचे मुख्य. वागायला सौम्य, कुणावर ओरडत नसत. त्यांनी दिनकररावांना बसायला सांगितले, सुपारी पुढे केली आणि घरच्या माणसासारखी चौकशी केली. कुणी धमकी दिली आहे का, घरात कुणी आजारी आहे का, कुठे परगावी जायचे आहे का, पैसे घरात ठेवायला चोरांची भीती वाटते का. दिनकरराव प्रत्येक वेळी नाही म्हणाले. नाझरसाहेबांच्या कपाळावर आठी पडली.

“मग भरायलाव कामून?”

“पैसे आहेत म्हणून.”

नाझरसाहेबांनी सुपारी चघळायची थांबवली. सरकारी नोकरीत त्यांचे केस पांढरे झाले होते. पैसे असलेली माणसे भरत नाहीत आणि भरणाऱ्या माणसांकडे पैसे नसतात, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि जो ते आपण होऊन भरतो आहे, असा माणूस त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसला होता. त्यांनी लगेच एक मिसल उघडली. मिसल म्हणजे प्रकरणाची फाईल. तिच्या पहिल्या पानावर उर्दूत लिहिले गेले: खरेदीदार मुदतीपूर्वी रक्कम भरण्यास उत्सुक आहे. कारण समजून येत नाही. कारण समजून येईपर्यंत रक्कम स्वीकारू नये.

कारण लेखी द्यायला सांगितले, म्हणून दिनकररावांनी तिकीट लावून अर्ज दिला आणि त्यात ‘सवय’ असे कारण लिहिले. तो अर्ज दुसऱ्याच दिवशी परत आला. सवय हे कारण ग्राह्य नाही, कारण सदर सवय या कार्यक्षेत्रात आढळत नाही, असा त्यावर शेरा होता.

कचेरीला कारण सापडेना, पण गावाला ते संध्याकाळपर्यंत सापडले. तानुबाईंच्या शेजारच्या बायनाबाईने दळण निवडता निवडता सांगितले की माणूस उगी एवढी घाई करत न्हाई, त्या इहिरीत काहीतरी हाय. मग सगळ्यांना सगळे आठवू लागले. हर्रासीच्या दिवशी कस्तुराबाई विहिरीत वाकून किती वेळ बघत होत्या. पाणी तपासायला म्हणून घेतले आणि हंडा पदराखाली झाकून नेला. त्या रात्री त्यांच्या घरात चूल उशिरापर्यंत पेटलेली होती. डाळ शिजायला एवढा वेळ लागतो होय. दुसऱ्या दिवशी विहिरीत मोहरांचे हंडे असल्याचे गावातले पोरसोर सांगू लागले, आणि तिसऱ्या दिवशी हंड्यांचा आकडाही ठरला.

वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेले मुंजाजी आणि रंगनाथ त्या संध्याकाळी एका ओट्यावर बसले. आपण जन्मभर सोन्यावर बसून दोराची राखण केली, या दुःखात दोघे भाऊ एक झाले. त्यांनी मिळून अर्ज दिला की धन वडिलोपार्जित असून त्यावर खरेदीदाराचा काही हक्क नाही. अर्जावर दोघांनी शेजारी शेजारी सह्या केल्या. भावाभावांतले प्रेम बघून अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाने लिहिणावळ घेतली नाही.

इथे कायदा आडवा आला. जमिनीत पुरलेले धन, म्हणजे दफीना, सरकारचे असते. कोर्टाने तहसिलीला लिहिले, तहसिलीने वर लिहिले, आणि विहीर उपसून, खणून तपासावी असा हुकूम खाली आला. या चौकशीला किती दिवस लागतील हे हुकमात लिहिलेले नव्हते. चौकशीला मुदत घालण्याची पद्धत नाही.

दिनकरराव रोज फडके घेऊन कचेरीत जात राहिले. रोज बन्सीधर त्यांना सांगे की तुमच्या मिसलीवर मनाई आहे. ते नमस्कार करून परत येत. वाटेत लोक त्यांच्या फडक्याकडे बघत आणि त्याच्या वजनाचा अंदाज करत. घरी कस्तुराबाई काही विचारत नसत. नवऱ्याच्या पायांतल्या चपला उंबऱ्यावर कशा वाजतात यावरून त्यांना कळे, आणि त्या हंडा उचलून झिऱ्याची वाट धरत.

शेवटचा दिवस आला. दिनकरराव खिडकी उघडायच्या आधीपासून दारात उभे होते. आत सगळी तयारी जय्यत होती. पेटी उघडलेली, शाई भिजलेली, पोतदार दुकान बंद करून आलेला. बन्सीधरने फडक्याकडे पाहिले आणि त्याला खरोखर वाईट वाटले.

“तुमी वेळेत आलाव,” तो म्हणाला. “मी डोळ्यानं बघायलो. पण बघितल्याची नोंद करायला रकाना न्हाई.”

दिनकरराव नाझरसाहेबांकडे गेले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. पैसे घ्यायला मनाई आहे तर निदान मुदत तरी थांबवा, असे ते म्हणाले. एक तर घ्या, नाही तर थांबा. दोन्ही तुमच्याच हातात आहे.

“दिनकरराव, डोकं शांत ठेवा,” नाझरसाहेब म्हणाले. “मुदत कायद्यानं दिलेली हाय, मनाई आमी केलेली हाय. आमचं आमी थांबवू शकतो. कायद्याचं कसं थांबवावं? आमी काय कायद्याहून मोठे हाव?”

या बोलण्यात दिनकररावांना चूक सापडेना. तुम्हाला सापडली असेल तर कळवावे, ती कचेरी अजून चालू आहे.

त्याच संध्याकाळी हुकूम लिहून तयार झाला. खरेदीदाराने मुदतीत रक्कम भरली नाही, सबब चौथा हिस्सा सरकारजमा, घराची फेरहर्रास. हुकमावर दुसऱ्या दिवशीची तारीख होती, पण तो आदल्या संध्याकाळीच सहीशिक्क्यानिशी बाहेर पडला. त्या कचेरीत वेळेच्या आधी झालेले हे एकच काम. त्याचे कारण कुणी विचारले नाही आणि त्यासाठी मिसलही उघडली गेली नाही.

नंतर विहीर खणली गेली. सरकारी मजुरांनी पाणी उपसले, गाळ काढला, आणि धन आणखी खाली असेल या समजुतीने तळाचा खडक सुरुंग लावून फोडला. वर आले ते असे: एक पितळी गडवा, रहाटाची गंजलेली कडी, आणि दोघा भावांनी एकमेकांना पाणी मिळू नये म्हणून वेळोवेळी विहिरीत टाकलेल्या बादल्या. पंचनाम्यात प्रत्येक वस्तू निराळी लिहिली गेली. खडक फुटल्यावर खालून नवा झरा लागला. पंचांनी ओंजळीने पाणी चाखले आणि खारे असल्याचे एकमताने नमूद केले. गोडा झरा कुठे गेला, हे नमूद करायचा प्रश्न नव्हता, कारण चौकशी धनाची होती.

खणण्याचा खर्च हर्रासीच्या खर्चात धरण्यात आला. चौकशी खरेदीदाराच्या घाईमुळे करावी लागली होती, त्यामुळे हा खर्च त्याच्याकडून घ्यावा यात कुणाला अन्याय दिसला नाही.

फेरहर्रासीला पुन्हा ढोल वाजला. सोने निघाले नव्हते, पाणी गोडे उरले नव्हते, आणि अंगणात खडकाच्या कपच्यांचा ढीग पडला होता. बोली वर जाईना. अखेर पहिल्या किमतीच्या निम्म्यात ते घर मुंजाजी आणि रंगनाथ यांनी भागीत घेतले. खाऱ्या विहिरीवरून भांडण्यात अर्थ नाही हे दोघांनाही पटले होते. त्यांनी आपली रक्कम रीतीप्रमाणे शेवटच्या दिवशी भरली. ती बिनबोभाट स्वीकारली गेली, आणि विक्रीचे पैसे म्हणून पुन्हा त्यांनाच वाटली गेली. किमतीत जी तूट आली तीही त्यांनाच मिळायची होती, दिनकररावांकडून. दोघे भाऊ त्यानंतर सुखाने नांदले. कोर्टामुळे घरे मोडतात असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तूट आणि खणण्याचा खर्च पंधरा दिवसांच्या आत भरावा, अशी नोटीस दिनकररावांच्या हाती पडली. फडक्यातले पैसे जवळजवळ तेवढेच होते. ते सवयीने उठले, टोपी घातली, फडके काखेला लावले. कस्तुराबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

“आता तरी लोकावानी वागा,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या दिवशी जावा. लवकर गेलाव तर आणखी कायतरी खणतील.”

दिनकरराव परत बसले. ते पंधरा दिवस त्यांनी कसे काढले हे सांगणे अवघड आहे. ते सारखे उठत आणि बसत. दूरच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की दारात जाऊन उभे राहत. गावाला मात्र त्यांचे हे बसणे बघून बरे वाटले. माणूस आता सुधारला, असे लोक म्हणू लागले, आणि बायनाबाईने आपण होऊन त्यांच्या घरी आंबट चुक्याची भाजी पाठवली.

शेवटच्या दिवशी ते मुद्दाम खिडकी उघडल्यावर गेले. आधी जाऊन उभे राहिलो तर मिसलीवर पुन्हा काही लिहिले जाईल, अशी त्यांना भीती होती. पण तो शेतसाऱ्याच्या हप्त्याचाही शेवटचा दिवस होता. सगळा तालुका रांगेत होता. रांग कचेरीच्या पायऱ्या उतरून चिंचेखाली गेली होती, चिंचेला वळसा घालून बाहेर रस्त्यावर आली होती, आणि रस्त्याच्या कडेला जिथे बैलगाड्या सोडल्या होत्या तिथे दिनकरराव उभे राहिले.

रांगेत सगळे ओळखीचे होते. प्रत्येक जण त्यांना नमस्कार करत होता. तुमच्यावर लय अन्याय झाला हो, असे म्हणत होता. आणि एवढे म्हणून झाले की त्यांच्या पुढे उभा राहत होता. कुणाची गाडी सुटायची होती, कुणाचे बैल उन्हात होते, कुणाला सेलूच्या बाजारात जायचे होते, कुणाचा मेव्हणा पुढे उभा असून त्याच्याशी एक शब्द बोलायचा होता, आणि तो शब्द बोलता बोलता त्याचे पैसे भरून झाले. एकाचे नाणे पोतदाराला बद्द वाटले. ते चांगले आहे हे सिद्ध करायला त्याने तीन साक्षीदार बोलावले, आणि साक्षीदारांनी आलोच आहोत तर म्हणून आपापले हप्तेही भरले. दिनकरराव प्रत्येक वेळी एक पाऊल मागे सरले. दुपार कलली. त्यांच्या पुढे एकच माणूस उरला तेव्हा त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

त्या माणसाचे काम झाले आणि खिडकी बंद झाली.

दिनकररावांनी फळीवर हळूच बोट वाजवले. फळी थोडी उघडली. बन्सीधर दिवसभराच्या कामाने घामाघूम झाला होता.

“आता न्हाई, वेळ संपली,” तो म्हणाला. मग चेहरा ओळखून त्याला नवल वाटले. “दिनकरराव, तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसानं शेवटच्या दिवसापर्यंत थांबावं का?”

दुसऱ्या दिवसापासून पैसे घेता येत नव्हते, कारण आता ती ‘रक्कम’ राहिली नव्हती, ‘वसुली’ बनली होती, आणि वसुली जप्तीनेच करावी लागते. अमीन जप्तीला आला. त्याने पहिल्यांदा फडके जप्त केले. त्यात मूळ रक्कम भागली. उरले ते दंडाचे आणि जप्तीच्या खर्चाचे पैसे. अमीनाने दोन खोल्यांवरून नजर फिरवली. घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती आणि ती भरलेली होती. ओतू का, असे त्याने विचारले. कस्तुराबाईंनी ते पाणी आपल्या हाताने मातीच्या घागरीत काढून घेतले, हंडा चिंचेने घासला, आणि पुसून त्याच्या हातात दिला. जप्तीतली वस्तू घासून देणारी बाई अमीनाने त्याआधी पाहिली नव्हती. तो दारातून बाहेर पडेपर्यंत खाली बघत होता.

जंगम मालाची हर्रास कचेरीपुढे होते आणि तिचे पैसे जागेवर भरायचे असतात. त्यात मुदत चुकत नाही. हंड्याच्या हर्रासीला बरीच गर्दी जमली. ती सगळी हळहळणाऱ्यांची होती. बिचारी बाई, जन्मभर पाणी वाहिलं, असे म्हणत लोक हंडा हातात घेऊन त्याचे वजन बघत होते. गावातल्या एका सुखवस्तू गृहस्थाने हंडा उजेडाकडे धरून विचारले की कुठे गळतबिळत तर नाही.

कस्तुराबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. उत्तर त्यांनीच दिले.

“गळत न्हाई. माझ्या आईनं बघून घेतलेला हाय.”

त्यावर बोली दोन आण्यांनी वाढली, आणि त्या गृहस्थाला हंडा स्वस्तात पडला.

दिनकररावांनी या सगळ्याविरुद्ध वर अर्ज केला होता. अर्थात मुदतीच्या पुष्कळ आधी केला होता. त्याचे उत्तर यायच्या आत राज्य बदलले. निजामाचा अंमल गेला, लोकांनी पेढे वाटले, कचेरीवरची पाटी बदलली आणि खिडकीला नवा रंग लागला. उत्तर आले ते शुद्ध मराठीत आले, एवढा फरक पडला. अर्जाचा विषय मागील राजवटीतील आहे. तसेच अर्ज निकालात काढण्याची मुदत संपलेली आहे. सबब अर्ज दप्तरी दाखल. ते वाचायला दिनकरराव नव्हते. आदल्याच उन्हाळ्यात ते वारले होते. तेवढ्या एका बाबतीत त्यांना आधी जाण्यापासून कुणी अडवले नाही. कस्तुराबाईंनी तो कागद पोस्टमनकडून वाचून घेतला, घडी घातली आणि घागरीवर झाकण म्हणून ठेवला. घागर लहान होती. हंड्याइतके पाणी तिच्यात मावत नसे, म्हणून त्यांना झिऱ्यावर दोनदा जावे लागे.

हल्ली अशा जुन्या तांब्याच्या हंड्यांना मोठा मान आहे. लोक त्यांना दिवाणखान्यात ठेवतात, त्यांत मोरपिसे खोवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. तुमच्याकडेही एखादा असेल. आजोबांनी कुठल्याशा हर्रासीत अगदी स्वस्तात मारला होता, असे घरात कौतुकाने सांगतही असतील. सवड झाली तर त्याच्या काठाखाली चिंच लावून घासून बघा. अक्षरे बारीक आहेत, पण कासाराचा हात चांगला होता, अजून वाचता येतील.

वाचून झाल्यावर हंडा ज्यांचा त्यांच्या माणसांना परत करावा असे मनात आले, तर घाबरायचे कारण नाही. त्यासाठी कायद्याने कसलीच मुदत घातलेली नाही. मुदत नाही म्हणजे शेवटचा दिवसही नाही, आणि शेवटचा दिवस नसला की तुम्ही परत करायला कधी जात नाही, हे त्या खिडकीतल्या माणसाला चांगले माहीत आहे.